समेचा हात

"क्या बात है!"

भर नाटकात, चिडीचूप नाट्यगृहात हे मोठ्यांदा म्हणाले आणि मागच्या-पुढच्या रांगेतल्या माना आमच्याकडे वळल्या. हे म्हणजे माझे यजमान, भार्गव आठल्ये. रंगमंचावर तबल्यामागे बसलेला नट एवढा दचकला की त्याचा हात हवेतच राहिला, आणि फितीवरचा तबला मात्र त्याच्या हाताशिवाय खुशाल वाजत राहिला. मग तर लोक हसलेच.

मी नाही हसले. मी आपली अंधारात माझ्या मनगटाकडे बघत बसले होते.

सांगलीत गाण्याशी दूरचा संबंध असलेलं काहीही असलं तरी पहिली दोन तिकिटं आमची, हे ठरलेलं होतं. हे नाटक तर गवयांवरचंच. म्हातारे झालेले एक बुवा आणि जन्मभर त्यांच्या साथीला बसलेला तबलजी, अशा दोघांची गोष्ट. पुण्याच्या हौशी मंडळींनी बसवलेलं, रविवारी दुपारचा प्रयोग. नट बरे होते, पण त्यांना गाता-वाजवता येत नव्हतं. त्यामुळे गाणं फितीवर, आणि हे नुसते ओठ आणि हात हलवणार. फीत आणि हात यांचं जमत नव्हतं. तबल्याचा आवाज पुढे आणि हात मागे. सुरुवातीला मला गंमत वाटली.

आता मनगटाचं सांगते. आमचं लग्न झाल्यापासून अंधारात गाणं ऐकायला बसलं की माझं डावं मनगट म्हणजे ह्यांचा डग्गा. बोटांनी हलकेच ताल धरायचे, आणि गवई फिरून फिरून समेवर आला, म्हणजे तालाच्या त्या पहिल्या ठोक्यावर येऊन पोचला, की अंगठ्याने किंचित दाबायचे. तोंडाने दिलेली दाद गवयासाठी, आणि अंगठ्याची माझ्यासाठी. एवढ्या वर्षांत तो अंगठा चुकलेला मला आठवत नाही. एकदा मुंबईच्या एका नामांकित गायकाची सम हुकली होती, पण अंगठा बरोबर जागेवर पडला होता.

त्या दुपारी फितीवरची सम येऊन गेली. मला ऐकू आली, सगळ्यांना आली. त्यानंतर, चांगली उशिराने, त्या नटाने हात वर उचलला आणि दिमाखात तबल्यावर आणला. त्या हाताबरोबर ह्यांचा अंगठा माझ्या मनगटावर दाबला गेला, आणि तोंडातून "क्या बात है" गेलं.

मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत निमकर भेटले. आमच्या गानप्रिय मंडळाचे चिटणीस, गावभरच्या बातम्यांचे मालक.

"आठल्ये, काय बिनपाण्यानं केलीत हो त्या पोराची!" ते ह्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले. "मुद्दाम चुकीच्या जागी दाद! अख्ख्या थेटराला कळलं की हात एकीकडं आणि सम एकीकडं. तुमच्या तोंडी लागायचं म्हणजे कठीण."

ह्यांच्या तोंडावर एक क्षण काहीच नव्हतं. पाहुणा दार उघडून आत आला आणि घर चुकलंय हे त्याला कळलं, की त्याचा चेहरा होतो तसा चेहरा. मग हे खदखदून हसले.

"अहो, गवयांवर नाटक करता आणि एक तबला वाजवणारा मिळत नाही? सांगायला नको कुणीतरी?"

निमकर खूष होऊन पुढे गेले. हे माझ्याकडे न बघता वडा खात राहिले. चेष्टेत अंगठा दाबला जात नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं.

ह्यांच्या कानाबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. साखर कारखान्यात इंजिनिअर होते, सगळा जन्म उसाच्या चरकांच्या धडधडाटात गेला. गाळपाच्या हंगामात घरी आले की तासभर ओरडूनच बोलायचे, आणि मी म्हणायचे, "अहो, इथे चरक नाही, मी आहे." पण तोच माणूस गाण्याला बसला की तंबोऱ्याची एक तार केसभर उतरली तरी अस्वस्थ व्हायचा. बाहेरगावचे गवई बैठकीआधी विचारायचे, आठल्ये आलेत का? ह्यांची मान हलली की बैठक पास, असं मंडळात गमतीनं म्हणत. ती गंमत नव्हती.

आणि माझ्यापुरतं तर विचारूच नका. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला रेडिओच्या स्वरपरीक्षेचं बोलावणं आलं होतं. साडी काढून ठेवली होती, सासूबाईंनी दह्याची वाटी तयार ठेवली होती. सकाळी मी गायला बसले. हे दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "शरयू, गंधार उतरतोय. जाऊ नकोस." मी दिवसभर रडले, ह्यांच्याशी बोलले नाही, पण गेले नाही. दोन वर्षं तोच गंधार घासला. मग गेले आणि पास झाले. गाणाऱ्याला स्वतःचं गाणं आतून ऐकू येतं, बाहेरून कसं लागतंय ते कळायला दुसऱ्याचा कान लागतो. माझा तो कान म्हणजे हे. दुसरा मी कधी शोधलाच नाही.

पुढे मुलं, सासूबाईंचं आजारपण, कारखान्याच्या वसाहतीतली बदलीची घरं, यात माझं गाणं घरात राहिलं. लोकांसमोर बसून कित्येक वर्षं झाली होती. आणि आता, त्या नाटकानंतरच्या रविवारी, मंडळाची वार्षिक सकाळची बैठक होती आणि पत्रिकेवर नाव माझं होतं. साठीला टेकलेला माझा गळा. मी ह्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "तुम्ही हो म्हणालात तरच बसेन. हसं करून घ्यायचं हे वय नाही." सहा महिने मी तोडी राग घोटत होते आणि सहा महिने हे रोज समोर बसून ऐकत होते. मग म्हणाले होते, "तयार आहेस. माझा कान सांगतोय."

त्या शब्दावर मी हो म्हटलं होतं.

नाटकाचा दुसरा अंक मी कसा पाहिला ते मलाच ठाऊक. गोष्ट अशी होती की बुवांचं वय झालंय, लय सुटायला लागलीय, सम कुठे आहे ते त्यांना कळत नाही. तबलजी काय करतो, तर बुवा जिथे येतील तिथे सम आणतो. मात्रा खातो, मात्रा वाढवतो, पण बुवांना पडू देत नाही. लोक टाळ्या वाजवतात, बुवा पागोटं सावरतात. शेवटी एक शिष्य रागाच्या भरात बुवांना खरं सांगून टाकतो. बुवा तबलजीला विचारतात, "किती दिवस?" तो म्हणतो, "चार वर्षं." बुवा उठतात, आणि ज्या गादीवर जन्म काढला ती गादी स्वतःच्या हाताने गुंडाळायला लागतात. पडदा.

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. आजूबाजूला सगळेच नाकं पुसत होते. ह्यांनी टाळीसुद्धा वाजवली नाही.

घरी चालत निघालो. दिवेलागण व्हायची होती, रस्त्यावर भेळेच्या गाड्या लागत होत्या. हे तावातावाने बोलत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की गेली दोन-तीन वर्षं हे फार बोलायला लागलेत. पूर्वी ऐकणारा माणूस होता.

"चोर आहे तो तबलजी! लोक रडतायत काय त्याच्यासाठी? त्या म्हाताऱ्याचं गाणं चोरलं त्यानं."

"चोरलं कसं? सांभाळून घेतलं."

"काय?"

मी त्यांच्याकडे तोंड करून पुन्हा म्हटलं, "सांभाळून घेतलं हो त्यानं."

"सांभाळून घ्यायला तो काय पांगळा होता? पहिल्या दिवशी तोंडावर सांगितलं असतं तर मानानं थांबला असता. चार वर्षं लोक मागं हसत असतील. कीव करणं म्हणजे प्रेम नव्हे, शरयू. तोंडावर सांगायचं."

"तोंडावर सांगायला धीर लागतो."

"मी असतो तर सांगितलं असतं. तुला नाही सांगितलं? दह्याची वाटी तशीच राहिली होती त्या दिवशी."

मी मान खाली घालून चालत होते. तशीच, मान वर न करता, विचारलं, "मग तिथे दाद का दिलीत?"

हे पुढे चालत राहिले. ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे. नाक्यावर थांबून त्यांनी पेरू घेतले आणि पेरूवाल्याशी भावावरून हुज्जत घातली. त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तंबोरा काढला तो नेहमीच्या जागी नाही, खिडकीजवळ. ह्यांच्याकडे पाठ करून बसले.

"अशी का बसलीस?" चहाचा कप घेऊन हे नेहमीच्या खुर्चीत येऊन टेकले होते.

"उजेड डोळ्यांवर येतो," मी मागे वळून म्हटलं.

तोडी सुरू केली. तोडीचा गंधार कोमल, अगदी खाली झुकलेला. सगळ्या रागाचं दुःख त्या एका सुरात साठलेलं असतं. मी आलाप करत तिथवर आले आणि जाणूनबुजून शुद्ध गंधार लावला. सरळ, उघडावाघडा. गाणं न शिकलेल्या माणसालाही खटकलं असतं. माझ्या स्वतःच्या अंगावर काटा आला. मी थांबले नाही. पुन्हा लावला, मग पुन्हा. तीसएक वर्षांपूर्वीचा माणूस असता तर त्याने कप खाली आपटून विचारलं असतं, "हे काय चाललंय?" मागे काही आवाज आला नाही. फक्त चहाचा भुरका.

मी तंबोरा खाली ठेवून वळले. हे माझ्याकडे प्रेमाने बघत होते. ते बघणं खरं होतं, त्यात काही खोट नव्हती.

"वा!" म्हणाले. "आज तोडी मनासारखी लागली."

मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले. राग आला होता आणि भीतीही वाटत होती. माझ्यापासून, माझ्यापासूनसुद्धा लपवलं, याचा राग. सगळी दुनिया ऐकू येईनाशी झाली आणि हा माणूस एकटा तिथे बसलाय, याची भीती. आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे बघायला मी तयार नव्हते. ह्यांचा कान गेला असेल तर मग "तयार आहेस" हे कुणी सांगितलं?

बुधवारी दुपारी मकबूल मुजावर सरावाला आले. मंडळाचे जुने तबलजी, मिरजेहून सायकलवर यायचे. हे बैठकीसाठी मंगल कार्यालयातली व्यवस्था बघायला बाहेर गेले होते. मकबूलभाई हातोडीने तबला सुरात लावत बसले होते.

"मकबूलभाई, एक विचारू?"

"इचारा की वैनी."

"अलीकडे समेवर तुम्ही हात एवढा उंच का उचलता? पूर्वी नव्हती तुम्हाला ही सवय."

"वय झालं. हाताला कसलं बी वळण लागतंय."

"मला वाटलं, ह्यांच्यासाठी उचलता."

हातोडी थांबली. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमाला म्हाईत हाय व्हय?"

"परवा कळलं."

"दोन वर्सं झाली," ते हळूच म्हणाले. "एका बैठकीला साहेब बावरल्यागत हिकडंतिकडं बघाया लागले. मी सहज हात वर केला, तर साहेबांनी मान डोलावली. मग पुढच्या बैठकीपास्नं ते तबल्याच्या अंगालाच बसाया लागले. आमी दोघं कधी बोललो न्हाई त्यावर. सांगायचं कुणी, वैनी? ज्याच्या कानावर सगळं मंडळ चालतंय त्याला?"

"आणि माझा सूर?" मी विचारलं. "तुम्ही सहा महिने ऐकताय. माझा सूर कसा आहे?"

मकबूलभाई पुन्हा तबल्याकडे वळले. अंगठ्याने तबल्यावरची काळी शाई उगाच चाचपत राहिले.

"साहेब रोज ऐकतात, वा म्हणतात. त्यांच्यापुढं आमी काय बोलणार?"

"साहेबांचं राहू द्या. तुम्ही सांगा."

"बैठक चार दिसांवर आली, वैनी. पत्रिका वाटून झाल्या. आता ह्या बोलण्यात काय हशील? तुमी बसा बिनघोर. मी हाय."

त्या बोलण्यातलं "मी हाय" एवढंच मी ऐकलं. बाकीचं माणसाला नको असलं की ऐकू येत नाही, त्याला कान जावे लागत नाहीत.

ह्यांना मी काही विचारलं नाही. त्या चार दिवसांत कितीदा जिभेवर आलं. तोंडावर सांगायचं, असं स्वतःच म्हणाले होते ना? पण ते म्हणताना त्यांच्या डोळ्यांत जी धास्ती होती ती मला आता मागाहून दिसत होती. कारखाना सुटला, मुलं परदेशी गेली. हातात उरलं होतं ते हे एकच, आठल्यांचा कान. तो काढून घेतला असता तर खुर्चीत बसून त्यांनी काय केलं असतं? आणि खरं सांगायचं तर मलाही रविवार हवा होता. एवढ्या वर्षांनी एकदा, गादीवर बसून, दोन तंबोऱ्यांच्या मध्ये.

रविवारी सकाळी कार्यालय भरलं होतं. सतरंज्या, उदबत्त्या, मागच्या बाजूला पोह्यांचा वास. निमकरांनी टेपरेकॉर्डर माझ्या पुढ्यात आणून ठेवला. प्रत्येक बैठक ते फितीवर उतरवून घेत. हे पांढऱ्या झब्ब्यात तबल्याच्या बाजूला, अगदी पुढे बसले होते. आदल्या दिवशी केस कापून आले होते. नवऱ्यामुलासारखे दिसत होते.

मी डोळे मिटले आणि षड्ज लावला. बरा लागला. मकबूलभाईंनी ठेका धरला, मी बंदिश मांडली. समेवर मकबूलभाईंचा हात वर गेला आणि खाली आला. "क्या बात है!" ह्यांचा आवाज आला आणि मागून पाच-पन्नास माना हलल्या. माझ्या छातीवरचा दगड उतरला. चालेल, म्हटलं. निभेल.

तेवढ्यात दारात गडबड झाली. बैठकीला देणगी देणारे बँकेचे चेअरमन उशिराने आले होते. त्यांचे गुडघे धरलेले, त्यांना खाली बसता येईना. निमकर धावले, खुर्ची आणली आणि मोठ्या आदराने अगदी पुढे, नेमकी तबल्यासमोर मांडली. चेअरमन भरभक्कम गृहस्थ. ते बसले आणि ह्यांना मकबूलभाई दिसेनासे झाले.

मी गात होते आणि बघत होते. ह्यांची मान आधी डावीकडे झाली, मग उजवीकडे. गुडघ्यांवर उठले, पुन्हा टेकले. सम आली आणि गेली. हे गप्प. मागची माणसंही गप्प, कारण ह्यांच्या आधी दाद देण्याची मंडळात पद्धत नव्हती. दुसरी सम गेली. निमकरांनी भुवया उंचावून ह्यांच्याकडे पाहिलं. आठल्ये दाद देत नाहीत, म्हणजे काहीतरी बिनसलं. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता. तोंडावर तोच चेहरा, घर चुकलेल्या पाहुण्याचा.

माझ्या गुरुजींना हातवारे खपत नसत. गाणं गळ्यातून येऊ दे, हातातून नको, असं म्हणून ते मला हात मांडीखाली दाबून गायला बसवायचे. जन्मभर माझा हात गाताना मांडीवरून उठला नव्हता. त्या सकाळी मी उजवा हात उचलला, आणि समेवर ह्यांच्या दिशेने टाकला. पंगतीत एखाद्याच्या पानात आग्रहाने काही वाढावं तसा.

हे माझ्या हाताकडे बघत राहिले. पुढच्या आवर्तनाला मी पुन्हा हात उचलला. वर नेला, थांबवला, समेवर टाकला.

"क्या बात है!"

बरोबर जागी. सगळ्या कार्यालयात हुंकार उठला. त्यानंतर मी प्रत्येक समेला हात टाकत गेले. वर चढताना, तार षड्जाला म्हणजे वरच्या 'सा'ला जाताना, तिथून उतरताना, माझं अर्धं लक्ष सुरात आणि अर्धं हातात. त्यांची एकही सम हुकली नाही. तासभर मी गायले, आणि मला वाटलं की मी चांगलं गायले.

लोक भेटायला आले. नारळ, हार. निमकर म्हणाले, "वहिनी, हात फार चालत होता आज! पण रंगली हं, आठल्ये इतके खुललेले बरेच दिवसांत पाहिले नव्हते." चेअरमननी शाल घातली. मकबूलभाई तबल्याला गवसणी घालत होते. मी त्यांच्याकडे गेले. ते उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "दमला असाल, वैनी. घरी जावा." गाण्याबद्दल बोलले नाहीत.

सोमवारी दुपारी निमकरांनी फीत पाठवून दिली. जेवणं झाली होती, हे आत पडले होते. मी बैठकीच्या खोलीत टेपरेकॉर्डर लावला. आवाज लहान करायला म्हणून हात पुढे केला आणि मग तसाच मागे घेतला. कशासाठी लहान करायचा?

पहिली दहा मिनिटं ठीक होती. खालचे सूर जुन्या सवयीने लागत होते. मग गाणं वर सरकलं. पंचमाच्या पुढे सूर उतरायला लागला. थोडा नाही, चांगला उतरलेला. तंबोरा एक सांगत होता आणि माझा गळा त्याच्याखाली कुठेतरी लोंबकळत होता. तार षड्ज लागलाच नाही. मी तिथे पोचले असं समजून ठामपणे उभी राहिले होते, आणि तो षड्ज नव्हता. परत गेले, परत तिथेच, खाली. आणि प्रत्येक वेळी त्या फसलेल्या सुरावरून मी समेवर आले की फितीतून ह्यांचा आवाज यायचा, भरघोस, आनंदाने फुललेला. "क्या बात है!" त्यामागून सगळ्या कार्यालयाचा. सगळ्यांनी ऐकलं होतं. सगळ्यांना कान होते.

म्हणजे सहा महिने, रोज सकाळी, ह्याच खोलीत मी अशी गात होते.

मी बंद करायला उठणार तोच हे दारात आले. झोपेने केस विस्कटलेले. टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. त्याच्या काचेतून फिरणारी ती दोन चाकं पाहिली.

"कालचं का?"

मी मान हलवली.

हे आत आले. त्यांची खुर्ची टेपरेकॉर्डरसमोर होती. ती त्यांनी उचलली आणि माझ्यासमोर आणून ठेवली. बसले, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. मग पुढे वाकून माझ्या ओठांकडे बघत, बत्तीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"शरयू, सूर लागलाय ना गं?"

फितीवर मी तार षड्जाकडे निघाले होते. मकबूलभाईंचा ठेका माझी वाट बघत होता. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तीच धास्ती. आता लपवलेली नव्हती.

"लागलाय," मी म्हटलं. शब्द नीट दिसावा म्हणून सावकाश म्हटलं.

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि नजर माझ्या हातावर आणली. तिथेच ठेवली. चाकं फिरत होती. फितीवरचा सूर वर जाता जाता खाली राहिला, तान वळली, सम जवळ आली.

मी हात उचलला, त्यांना दिसेल असा, आणि समेवर टाकला.

"क्या बात है," हे म्हणाले.